एक चिठ्ठी कमी

आमच्या विद्यापीठाच्या मोठ्या सभागृहाचे शिपाई होते मामा. खरं नाव मस्टरवर होतं, पण कुलगुरूंपासून झाडूवाल्या मावशींपर्यंत सगळे त्यांना मामाच म्हणत. चारशेवीस खुर्च्यांची काळजी वाहणारा हा एकटा माणूस. कुठली खुर्ची बसताना कुरकुरते, कुठल्या रांगेत पंख्याचा वारा पोचत नाही, कुठल्या प्राध्यापकाला झोपायला कुठला कोपरा आवडतो, सगळं त्यांना तोंडपाठ होतं. व्याख्यानाला अमुक साहेब आले का, असं विचारलं तर मामा म्हणत, "आलेत. नवव्या रांगेत भिंतीकडे टेकलेत. अजून जागे आहेत."

मी त्या विद्यापीठात जाहीर व्याख्यानमालेची समन्वयक. नऊ वर्षांपूर्वी मी तिथे आले तेव्हा मालेला 'लोकशाहीची प्रकृती' हे नाव मीच दिलं आणि त्याचा मला फार अभिमान होता. वर्षाला आठ व्याख्यानं. न्यायाधीश, पत्रकार, समाजशास्त्राचे अभ्यासक, कधी एखादा निवृत्त अधिकारी, ज्याला निवृत्त झाल्यावरच खरं बोलायचं सुचलेलं असे. शहरातली माणसंही येत. शिंपी, शिक्षिका, बँकेतली मंडळी, म्हातारी जोडपी. सुरुवातीला श्रोत्यांना प्रश्न विचारायला माइक द्यायचो. पण माइक हातात आला की माणूस प्रश्न विसरतो आणि स्वतःचं व्याख्यान सुरू करतो. म्हणून मी चिठ्ठ्यांची पद्धत आणली. प्रत्येकाने प्रश्न लिहायचा, खाली आपलं काम लिहायचं, आणि मामांच्या हातातल्या पत्र्याच्या डब्यात टाकायचा. डबा रंगमंचाच्या उजव्या बाजूला विंगेत माझ्याकडे यायचा. तिथे एका छोट्या टेबलाशी बसून मी चिठ्ठ्या निवडायची आणि दहाबारा अध्यक्षांकडे पाठवायची. भित्तिपत्रकावर मी मोठ्या हौसेने एक ओळ छापून घेतली होती: 'इथे विचारणाऱ्याचं पद पाहिलं जात नाही.'

उरलेल्या चिठ्ठ्यांचं काय करायचं हे मला कधी सुचलंच नव्हतं. ते मामांनी ठरवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी झाडझूड आटोपली की ते पुढच्या रांगेत चष्मा लावून बसत आणि न वाचलेल्या चिठ्ठ्या एकेक करून वाचत. आधी डब्यात किती आल्या होत्या ते त्यांनी लिहून ठेवलेलं असे. वाचलेल्या किती, उरलेल्या किती, दोन्हींची बेरीज जुळली की मगच पुढे. लोकांचे प्रश्न बहुधा अगदी साधे असत. आईचं नाव मतदार यादीत दोनदा आलंय, एक कुठे काढून घ्यायचं? आमच्या गल्लीतला दिवा वर्षभर बंद आहे, कोणाला सांगायचं? वक्ते अशा प्रश्नांकडे ढुंकूनही पाहत नसत, आणि खरं सांगायचं तर मीही ते वरच्या गठ्ठ्यात ठेवत नसे. मामा मात्र जेवणाच्या सुट्टीत या कचेरीतून त्या कचेरीत जाऊन उत्तर काढून आणत आणि पुढच्या व्याख्यानाला तो माणूस आला की दारातच त्याला गाठून सांगत, तीन नंबरची खिडकी, साडेदहाला उघडते, बाईंना नीट विचारा, त्या चिडक्या आहेत पण काम करतात. मंचावर लोकशाहीची नाडी तपासली जायची आणि औषधाची पुडी मामा दारात द्यायचे. मी यावर हसायची. कौतुकानेच हसायची, पण हसायची.

माझ्याबद्दल त्यांना भारी आदर होता. मॅडमनी चिठ्ठ्या आणल्या म्हणून गरिबाला विचारता येतं, असं ते लोकांना सांगत. त्यांनी स्वतः मात्र कधी चिठ्ठी लिहिली नाही. कर्मचाऱ्याने आपलं म्हणणं योग्य मार्गाने मांडायचं, असा नियम होता. योग्य मार्ग म्हणजे अर्ज, आणि अर्ज म्हणजे तीन टेबलं. तिन्ही टेबलांवर तो 'विचाराधीन' होऊन पडून राहायचा.

आता खोलीचं सांगते.

सभागृहाच्या मागे एक लहानशी खोली होती. एक खिडकी, एक नळ, भिंतीला खुंट्या. सफाईच्या चार मावशी तिथे कपडे बदलत, डबा खात, दुपारी पाय लांब करून दहा मिनिटं पडत. मी यायच्याही आधीपासून ती त्यांचीच होती. एकदा एक नामवंत वक्त्या आल्या आणि त्यांना व्हरांड्यात बसून चहा घ्यावा लागला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दुसऱ्याच दिवशी मी जागेच्या मागणीचा छापील अर्ज भरला. त्यात एक रकाना होता, 'जागेचा सध्याचा वापर'. मी तिथे लिहिलं, 'नाही.' त्या खोलीत मी शेकडो वेळा डोकावले होते. खुंट्यांवर लटकलेले चार बायकांचे कपडे मी पाहिले होते, खिडकीत ठेवलेली फणी आणि आरसा पाहिला होता. तरीही लिहिलं. तेव्हा ते खोटं वाटलंसुद्धा नाही. वापर म्हणजे आपल्यासारख्यांचा वापर, असंच काहीतरी माझ्या डोक्यात असणार.

पंधरा दिवसांत खोलीला रंग लागला, सोफा आला, मोठा आरसा आला, दाराला नवं कुलूप आलं. वर्षातून आठ वेळा, अर्धा अर्धा तास तिथे वक्ते बसू लागले. एरवी ती बंद. मावशींनी आपलं बिऱ्हाड उजव्या विंगेमागे जिन्याखाली हलवलं. तिथे गुंडाळलेले पडदे आणि मोडक्या खुर्च्या होत्या. आडोसा म्हणून त्यांनी आमच्याच गेल्या वर्षीचा कापडी फलक दोरीवर टांगला. त्यावर मोठ्या अक्षरांत 'लोकशाहीची प्रकृती' असं लिहिलेलं होतं, आणि त्याच्यामागे चार बायका अंग चोरून कपडे बदलत होत्या. मी विंगेत बसले की तो फलक माझ्या पाठीशी असे. मी त्याकडे पाठच करून बसायची.

मामांनी दोन अर्ज केले. तिन्ही टेबलांवरून फिरून ते विचाराधीन झाले. एकदा त्यांनी मलाही सुचवून पाहिलं. मॅडम, तुमचं कुलसचिवांशी बोलणं असतं, बायकांचं जरा सांगा, असं म्हणाले. खोली कोणाच्या अर्जावरून गेली ते त्यांना माहीत नव्हतं. बघते, म्हणाले मी. वेळ मारून न्यायला हा शब्द फार सोयीचा आहे.

गेल्या वर्षीचं शेवटचं व्याख्यान 'नागरिकाने काय करावं?' या विषयावर होतं. बोलायला एक वकील आले होते. चांगलं बोलले. तक्रार कुजबुजू नका, चारचौघांत विचारा, असं त्यांनी तीनदा सांगितलं. पहिल्या रांगेत कुलसचिव बसले होते. महिनाअखेरीला मामा निवृत्त होणार होते. व्याख्यान संपलं, त्यांनी नेहमीसारखा डबा फिरवला, माझ्या टेबलावर आणून ठेवला, आणि नेहमीसारखे लगेच गेले नाहीत. क्षणभर थांबले. मग डाव्या भिंतीशी जाऊन उभे राहिले. त्या दिवशी त्यांनी सदऱ्याला इस्त्री केली होती.

चिठ्ठी वरूनच पाचवी-सहावी असेल. अक्षर ओळखायला वेळ लागला नाही, नऊ वर्षं मी ते पाण्याच्या बाटल्यांच्या यादीवर पाहत होते. लिहिलं होतं: 'या सभागृहाची सफाई चार बाया करतात. त्यांची कपडे बदलायची खोली घेतली. आता त्या जिन्याखाली बदलतात. ती खोली परत मिळावी यासाठी नागरिकाने कोणाला विचारावं?' आणि खाली, नियमाप्रमाणे काम: 'सभागृह शिपाई.'

हे वाचलं गेलं तर कुलसचिव विचारणार, खोली कोणी मागितली. मग तो अर्ज निघणार, तो रकाना निघणार, आणि चारशे लोकांसमोर माझं 'नाही' वाचलं जाणार. मी स्वतःला सांगितलं की उद्या हे आपण स्वतः, नीट, योग्य मार्गाने मांडू. ही वेळ नव्हे. हे सगळं मनात म्हणून होईतो चिठ्ठी माझ्या पर्समध्ये गेली होती. हात मनाच्या पुढे होते.

अध्यक्षांनी अकरा चिठ्ठ्या वाचल्या. प्रत्येक नवी चिठ्ठी उचलली की भिंतीशी उभे असलेले मामा जरा ताठ होत. चिठ्ठी दुसऱ्याच कोणाची निघाली की पुन्हा सैल. अकराव्यानंतर अध्यक्ष म्हणाले, वेळ संपला. मामा लगेच दार उघडायला गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आभाराची पत्रं तयार करायला सभागृहात गेले. मामा पुढच्या रांगेत चिठ्ठ्या घेऊन बसले होते. तिसऱ्यांदा मोजत होते.

"मॅडम, त्रेचाळीस होत्या. अकरा वाचल्या. या एकतीस. एक कमी आहे."

कोणाची ते त्यांनी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. म्हटलं, पडली असेल कुठेतरी.

मी सहज बोलून गेले आणि त्यांनी ते कामच धरलं. पहिल्या रांगेपासून सुरुवात केली. आमच्या खुर्च्या घडीच्या. प्रत्येकीची बैठक उचलायची, खाली वाकायचं, फटीत पाहायचं, पुन्हा ठेवायची. मामांचे गुडघे दुखरे होते. तिसऱ्या रांगेपाशी ते खाली बसले आणि मग बसूनच पुढे सरकू लागले. मावशी पुसायला आल्या होत्या, त्यांनी विचारलं काय शोधताय. एका माणसाची चिठ्ठी हरवलीय, म्हणाले. चौघींनी बादल्या बाजूला ठेवल्या आणि मागच्या रांगांपासून त्याही गुडघ्यांवर शोधायला लागल्या. दीड तास. मी मंचावर टेबलाशी बसून पत्रांवर पत्ते घालत होते आणि पर्स माझ्या मांडीवर होती. उठून चार पावलं गेले असते आणि ही घ्या म्हटलं असतं तर सगळं तिथेच मिटलं असतं. दर पाच मिनिटांनी मी ठरवत होते की आता उठायचं. एका पत्रावर मी एकच पत्ता दोनदा लिहिला. उठले मात्र नाही.

शेवटी मामा कपडे झटकत उभे राहिले आणि माझ्याकडे येऊन म्हणाले की डबा आणताना आपल्याच हातून पडली असणार, विंगेत वारा असतो. मी मान हलवली. तेवढंही नसतं केलं तर बरं झालं असतं.

त्यांच्या निरोपाला कर्मचारी कक्षात तीस-चाळीस माणसं होती. भाषणं झाली, विनोद झाले, एक भिंतीवरचं घड्याळ दिलं. मामांना बोलायला सांगितलं. त्यांना बोलायची सवय नव्हती. खुर्च्या जपून वापरा, दोनशेसोळा नंबरच्या खुर्चीचा खिळा वर आलाय, एवढं सांगून ते थांबले. मग म्हणाले, "आजवर चिठ्ठी कधी हरवली नाही. शेवटी एका माणसाचा प्रश्न माझ्या हातून हरवला. त्याने कोणाला विचारायचं होतं, ते राहून गेलं. त्याची मी माफी मागतो."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. किती साधा माणूस, असं माझ्या शेजारचे हळूच म्हणाले. मीही टाळ्या वाजवल्या. हात थांबवले असते तर कोणीतरी पाहिलं असतं, एवढीच तेव्हाची माझी अक्कल.

त्यानंतरचे दोन महिने मी कसे काढले ते सांगण्यात अर्थ नाही. जेवताना नवरा विचारायचा, काय झालंय तुला, आणि मी कामाचा ताण सांगायची. ताण होता, काम नव्हतं. नव्या मालेच्या पहिल्या व्याख्यानाला मी ती चिठ्ठी काढली. पण धीर तिथेही अर्धाच. खालची 'सभागृह शिपाई' ही ओळ मी कात्रीने कापली. जुनी चिठ्ठी आता कशी आली, असा प्रश्न नको होता, आणि नव्या शिपायावर बालंट नको, असंही एक चांगलंसं कारण मी मनाशी तयार ठेवलं. मग ती सगळ्यात वर ठेवून पाठवली.

अध्यक्षांनी वाचली. कुलसचिव उठले, गोड हसले आणि म्हणाले की ही बाब आपल्या कानावरच आली नव्हती, खोली आठ दिवसांत परत दिली जाईल. टाळ्यांचा कडकडाट झाला. खोली कोणी मागितली, केव्हा, काय लिहून, एका शब्दाने कोणी विचारलं नाही. ज्या कागदाच्या धास्तीने मी हे सगळं केलं होतं तो कोणी फायलीतून काढलासुद्धा नाही. उलट चहाच्या वेळी कुलसचिव मला म्हणाले, अशा चिठ्ठ्या पुढे पाठवायला धाडस लागतं. बिनसहीची चिठ्ठी मीच लिहिली असणार, असं सगळ्यांनी परस्पर ठरवून टाकलं होतं. मी नाही म्हणाले, पण ते विनयाने म्हणतात तसं म्हणाले.

रविवारी मी मामांच्या घरी गेले. गावाच्या कडेला दोन खोल्या, दाराशी चपला ओळीने लावलेल्या, भिंतीवर विद्यापीठाने दिलेलं ते घड्याळ. मामी म्हणाल्या, बरं झालं आलात, हे सारखे तुमच्याच गोष्टी सांगतात. मग हसत हसत म्हणाल्या की झोपेतसुद्धा रांगा मोजतात, चौदावी बघितली का म्हणतात. मामा लाजले आणि त्यांना चहा टाकायला पाठवलं.

मी सांगितलं की मावशींची खोली परत मिळाली. चिठ्ठी वाचली गेली. मामांचा चेहरा असा उजळला की मला खाली बघावं लागलं.

"म्हणजे सापडली," ते म्हणाले. "मला वाटलंच होतं, असणार कुठेतरी. कुठल्या रांगेत होती?"

खोटं अगदी जिभेवर आलं होतं. चौदावी म्हटलं असतं तर माणूस सुखाने झोपला असता.

"रांगेत नव्हती मामा. माझ्याकडे होती. मी काढून घेतली होती." मग एकदा सुरू झाल्यावर सगळंच सांगितलं. अर्ज, तो रकाना, पर्स, कापलेली ओळ.

आतून कपबशांचा आवाज येत होता. मग त्यांनी एकच विचारलं, आम्ही शोधत होतो तेव्हा तुम्ही मंचावरच होतात ना? मी होय म्हटलं. त्यांनी मान हलवली. बायकांना खोली मिळाली हे चांगलं झालं, म्हणाले. चहा आला, आम्ही तिघांनी घेतला, मामी लेकीच्या नव्या नोकरीबद्दल बोलत राहिल्या. मी निघाले तेव्हा मामी दारापर्यंत आल्या. मामा आले नाहीत. नऊ वर्षं या माणसाने मला दार उघडून दिलं होतं.

परत येताना मला रडू आलं, पण खरं सांगते, छातीवरचं ओझंही उतरलं होतं. आता एवढंच राहिलं, असं वाटलं. सोमवारी सकाळी सातला, मावशींची कामाची वेळ होते तेव्हा, मी सभागृहामागे गेले. खोलीतला सोफा निघाला होता, खुंट्या पुन्हा भरल्या होत्या. तिघी अजून यायच्या होत्या. थोरल्या मावशी एकट्याच होत्या. म्हटलं, मावशी, एक सांगायचंय, त्या दिवशी जी चिठ्ठी तुम्ही शोधत होतात...

"ती तुमच्या पर्समध्ये होती," त्या म्हणाल्या. "मी पाहिलं होतं. जिन्याखाली बसले होते मी. फलकाला फट होती."

मग विचारलं, माहीत होतं तर तुम्ही दीड तास गुडघ्यांवर का शोधलंत?

"मामा शोधत होते म्हणून. त्यांना काय सांगणार होते मी? या एवढ्या इमारतीत त्यांना एकच माणूस मोठा वाटायचा. घरी जाईतो तरी वाटू दे, म्हटलं." डोक्याला फडकं बांधता बांधता त्या थांबल्या. "त्यांना नाही ना बोललात?"

"काल गेले होते. सगळं सांगितलं."

मावशी माझ्याकडे बघत राहिल्या. त्यांना राग आला असता तर मला सोपं गेलं असतं.

"म्हणजे आता ते त्यांच्याकडे ठेवून आलात," त्या म्हणाल्या. "तुम्हाला हलकं वाटलं असेल."

व्हरांड्यातून बाकीच्या तिघींचे आवाज आले. त्या माझ्या बाजूने आत शिरल्या, एकीने मला बघून नमस्कारही केला. थोरल्या मावशींनी दाराला हात लावला आणि मी बाजूला होण्याची वाट पाहिली. मी बाहेर आले. त्यांना कपडे बदलायचे होते.